फ्रिजच्या डोक्यावरचा डबा

आमच्या नायगावच्या नव्या फ्लॅटमध्ये फ्रिज दिसत नाही, याचा माझ्या मुलाला कोण अभिमान! इंटिरिअरवाल्याने आमचा साधा फ्रिज कपाटात कोंबला, पुढे बाकीच्या कपाटांच्या रंगाचं दार लावलं आणि वर एक बंद कप्पा केला. मी म्हणाले, अरे, वाडीतल्या जुन्या घरी फ्रिजच्या मागे हात जाईल एवढी जागा आम्ही सोडायचो, त्याची गरम हवा बाहेर कुठून जाणार? मुलगा आणि सून दोघंही हसले. आईचं आपलं काहीतरीच.

उन्हाळा लागला तसा फ्रिज दिवसभर घुरघुरायला लागला. दूध नासलं की दूधवाला वाईट. पाणी गार नसलं की ऊन वाईट. आणि माझी साखर वाढली तेव्हा मी वाईट.

माझं इन्सुलिन त्याच फ्रिजमध्ये असायचं. वेळच्या वेळी टोचून घेत होते, भातावर पाणी सोडलं होतं, तरी साखर हटेना. डॉक्टरांनी डोस वाढवला, तरी नाही. मग मुलाने शोध लावला की हे सगळं सुकेळ्यांमुळे. वाडीत राहणारा माझा भाऊ दरवर्षी सुकेळी पाठवतो, उन्हात वाळवलेली गोडमिट्ट केळी. माझा त्यांच्यावर किती जीव आहे, हे साऱ्या नातेवाइकांना ठाऊक. मुलाने तो डबा उचलून फ्रिजवरच्या कप्प्यात ठेवला. जन्मभर शाळेत पोरांच्या चोऱ्या पकडल्या मी, आणि आता माझ्यावर पाळत.

पुढचा रिपोर्टही वाईटच आला. मुलगा जवळ येऊन बसला. ओरडला असता तर परवडलं असतं, पण तो अगदी मऊ आवाजात, सुनेसमोर बोलला.

"आई, स्टुलावर चढून पडलीस म्हणजे? हवंच असेल तर माझ्याकडे माग ना."

माझा संताप संताप झाला. रडूही आलं होतं, ते गिळलं.

"काढ तो डबा," मी म्हणाले. "आत्ता. माझ्यासमोर उघड."

त्याने कप्प्याचं दार उघडलं, डब्याला हात लावला आणि झटकन मागे घेतला. पत्रा तापला होता. डबा उघडला तर आतल्या पुड्यांवर माझ्या भावाने केळीच्या वाळक्या सोपटाच्या दोरीने मारलेल्या गाठी तशाच. एकही सुटलेली नाही. पण सुकेळ्यांना आंबूस वास सुटला होता. सुनेने कप्प्यात हात घालून पाहिला, मग खालचा फ्रिज उघडला आणि इन्सुलिनची खोकी तळहातावर घेऊन उभी राहिली.

"आईंचं इन्सुलिन गार नाहीये," ती म्हणाली.

मुलाने खोकी हातात घेऊन पाहिली. मग मी त्याला सोडलं नाही. इतक्या महिन्यांचं साचलेलं सगळं बोलून घेतलं आणि त्याच दिवशी फ्रिज ओढून बाहेर काढायला लावला. मागे प्लगची वायर भिंतीशी दबून, तापून मऊ पडली होती. ते पाहून मात्र मीही घाबरले.

वायर बदलली. सुताराने कपाटाची मागची फळी काढली, बाजूंना जागा मोकळी केली, खाली आणि वर जाळ्या बसवल्या. उष्णतेने निकामी झालेलं जुनं इन्सुलिन फेकलं, नवं आणलं. डॉक्टरांनी डोस पुन्हा पहिल्यावर आणला, साखरही उतरली.

मुलाला ती वरची जाळी खुपते. रंग जुळत नाही म्हणे. मध्यंतरी म्हणाला, हवा जाईल पण दिसणार नाही अशी एक नवीन तऱ्हेची जाळी मिळते, ती लावू या.

"नको," मी म्हणाले. "पाणी घ्यायला येशील तेव्हा दिसू दे तुला. आई चोरून खाते असं वाटलं होतं ना तुला?"

त्यानंतर त्याने तो विषय काढलेला नाही. यंदाच्या सुकेळ्यांचा डबा ओट्यावर असतो, उघड्यावर, माझ्या हाताशी. त्याला हात लावायचा की नाही, ते माझं मी बघते.