दोनशे वर्षं न लढलेला देश

विश्रांतवाडीच्या आमच्या बिल्डिंगखाली मुंबई विमानतळाची टॅक्सी उभी होती आणि बाबा ड्रायव्हरला बॅगा कशा रचायच्या ते शिकवत होते. जड खाली, हलकी वर, मधल्या फटीत शेंगदाण्याच्या चटणीचा डबा. ड्रायव्हर रोज विमानतळाच्या फेऱ्या मारणारा माणूस. त्याने एकदा माझ्याकडे बघितलं आणि निमूटपणे बाबांचं ऐकलं. सुमेध, माझा मुलगा, चार वर्षांचा होता. विमानात खिडकीची जागा मिळणार या एकाच अटीवर तो पुणं सोडायला राजी झाला होता. माझा नवरा प्रशांत घर बघायला महिनाभर आधीच स्वीडनला गेला होता. आई मी कॉलेजात असतानाच गेली, त्यामुळे निरोपाचं सगळं एकट्या बाबांच्या अंगावर आलं होतं आणि त्यांना ते जमत नव्हतं. शेवटी सुमेधच्या डोक्यावर हात ठेवून ते मला म्हणाले, "जाय बेटा, बिनघोर जाय. दोनशे वर्षं झाले, त्या देशानं लढाई केली नाही."

हे वाक्य त्यांनी रीतसर चौकशी करून काढलेलं होतं. प्रशांतला त्या वर्षी दोन ठिकाणी नोकरी मिळत होती, एक अमेरिकेत आणि एक स्वीडनमधल्या गोथेनबर्गला. अमेरिकेचा पगार बराच वरचढ होता. आपल्याकडे मुलगी द्यायच्या आधी स्थळाची चौकशी करतात, मुलगा पितो का, घरात भांडणं आहेत का, तशी बाबांनी दोन्ही देशांची केली. वाचनालयात जाऊन बसायचे, घरी आले की चहा पिता पिता अहवाल द्यायचे. त्यांचा निकाल असा: अमेरिका भांडकुदळ, सारखी कुणाच्या तरी अंगणात शिरते, स्वीडन सोज्वळ, कुणाच्या अध्यातमध्यात नाही. शिवाय तिथली सक्तीची लष्करसेवा नुकतीच बंद झालीय, हेही त्यांनी शोधून काढलं होतं. प्रशांत हसला, पण सासऱ्यांचा शब्द त्याने मोडला नाही. पगार सोडून आम्ही बर्फात गेलो.

बाबांना या गोष्टीची एवढी पडली होती, त्याला कारण होतं. तरुणपणी ते भंडाऱ्याहून पुण्याला आले आणि खडकीच्या सरकारी दारूगोळा कारखान्यात चिकटले. निवृत्त होईपर्यंत त्यांनी तोफगोळे भरले. गोळे भरायचे, पेट्यांत घालायचे, पेट्या जायच्या. कुठे जायच्या ते विचारायचं नसतं. आमचे आजोबा छप्पन साली नागपूरला जाऊन बौद्ध झालेले. घरात भिंतीवर बुद्धाची तसबीर, आणि तिच्याखाली आम्ही जेवायचो ते या गोळ्यांच्या पगारावर. बाबा त्याबद्दल घरात बोलायचे नाहीत. पण नातू दारूगोळ्यापासून लांब वाढावा, एवढं एकच त्यांनी माझ्याकडे मागितलं होतं.

विश्रांतवाडीत मागे राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारखं उठून परमुलखात गेलेल्यांनो, हे तुमच्यासाठी लिहितेय. गोड आठवणींची अपेक्षा असेल तर सोडून द्या. मी चिडलेली आहे.

तसं सुरुवातीचं सगळं छानच होतं, ते नाकारत नाही. पहिल्या हिवाळ्यात दुपारी अंधार पडायला लागला तेव्हा मी रडले, मग त्याचीही सवय झाली. कॉफीच्या सुट्टीला फिका म्हणायला शिकले. तळघरातल्या कपडे धुण्याच्या खोलीत आपली वेळ पाच मिनिटं जरी ओलांडली तर शेजारीण तोंडाने काही बोलत नाही, चिठ्ठी चिकटवते, हे कळल्यावर मला एकदम पुण्यात असल्यासारखं वाटलं. सुमेध तर वर्षभरात तिथली भाषा माझ्यापेक्षा चांगली बोलायला लागला आणि दुकानात माझे उच्चार सुधारायला लागला. पुढे प्रशांतने आणि त्याच्याबरोबर सुमेधने तिथलं नागरिकत्व घेतलं. भारत दोन नागरिकत्वं देत नाही, म्हणून दोघांचे निळे पासपोर्ट गेले. मी माझा ठेवला. का, ते मलाही नीट सांगता यायचं नाही. बाबांना कळवलं तेव्हा ते खूश झाले. पोरगं सुरक्षित देशाचं झालं, असं त्यांनी शेजारीपाजारी सांगितलं.

आता देश युद्धाकडे कसा सरकतो ते ऐका, कारण मी ते स्वयंपाकघरातल्या टीव्हीवर रोज भांडी घासताना बघितलं आहे. कुणी एका सकाळी उठून ढोल बडवत जात नाही. आधी सक्तीची लष्करसेवा परत आली. फक्त थोडी मुलं घेणार, तीही शक्यतो स्वखुशीची, असं सांगितलं. मग रशिया युक्रेनवर चालून गेला. स्वीडनमधूनही मदत निघाली, फक्त हेल्मेटं, जेवणाची पाकिटं आणि रणगाडे फोडायची हत्यारं, तीही फक्त बचावापुरती. मग तोफा. मग एवढ्या वर्षांची तटस्थता मोडून मोठ्या लष्करी आघाडीत नाव घातलं, फक्त विमा उतरवतात तसं. मग परक्या फौजांना आपले तळ वापरायची मुभा. मग घरोघर पुस्तिका आली, युद्ध झालं तर पाणी किती साठवायचं, कुठल्या तळघरात जायचं. आमच्या शेजारणीने ती नळाच्या बिलाशेजारी फ्रिजवर लावली. प्रत्येक पायरीवर चांगली शिकलेली, मवाळ आवाजाची माणसं येऊन सांगत होती, काळजी करू नका, आपण युद्धात नाही.

मी रशियाची तळी उचलतेय असं कृपा करून समजू नका. शेजाऱ्याच्या घरात रणगाडे घालणारा गुन्हेगारच, त्यात वादच नाही. ज्यांच्या डोक्यावर गोळे पडतायत त्यांना मदत करू नका, असंही म्हणायला माझी जीभ रेटत नाही. माझा संताप त्या "फक्त"वर आहे. जायचंच असेल तर युद्धात जातोय असं सांगून जा ना. पहिल्या महायुद्धात अमेरिका अशीच शिरली. आधी नुसता माल विकला, मग माल नेणारी जहाजं बुडाली, मग त्या जहाजांपायी पोरं पाठवली. आणि या सोज्वळ स्थळाचंही सुमेधच्या इतिहासाच्या पुस्तकात मला पुढे कळलं. दुसऱ्या महायुद्धात हाच तटस्थ देश हिटलरला लोखंडाचं खनिज विकत होता आणि जर्मन सैनिकांच्या आगगाड्या आपल्या रुळांवरून जाऊ देत होता. बाबांच्या वाचनालयात तेवढं पुस्तक नसावं.

पुण्यातही काही वेगळं नाही, उगाच हुरळू नका. माझा भाऊ मिलिंद, आमचा दादा, चाकणच्या एका कारखान्यात सुपरवायझर आहे. पूर्वी तिथे ट्रकचे भाग व्हायचे, आता तोफगोळ्यांची कवचं होतात. एका रविवारी फोनवर तो आनंदाने सांगत होता की ऑर्डर एवढ्या आहेत, तीन शिफ्ट कमी पडतायत. माल कुठे जातो, विचारलं. तो म्हणाला, कागदावर जातो तिथे जातो, पुढे कोण कुणाला देतं ते आपल्याला काय करायचंय, आपला देश कुणाच्याच बाजूचा नाही. मी म्हटलं, वा, म्हणजे गोळासुद्धा तटस्थ आहे, ज्याच्यावर पडेल त्याला बरं वाटेल. त्यावर त्याने मला शांतपणे विचारलं की तुझ्या पगारातून जो टॅक्स कापतात त्याचं तिथे काय होतं. मी जास्तच भडकले आणि फोन ठेवला.

आणि मग सुमेधला लष्कराचं बोलावणं आलं. तिथे अठराव्या वर्षी सगळ्यांना प्रश्न विचारतात, त्यातून काहींना तपासणीला बोलावतात, त्यातून थोडे निवडतात. मला वाटलं होतं, आपलं चष्मिस पोर, कशाला घेतील. तो दोन दिवसांनी परत आला तो फुललेल्या चेहऱ्याने. निवडला गेला होता. नाही म्हणायची सोय होती. शस्त्र धरणार नाही असा अर्ज करता येतो, मी सगळी माहिती काढून ठेवली होती. त्याने ती बघितलीसुद्धा नाही. प्रशांतही म्हणाला, जाऊ दे, निवडलेले सगळेच जातायत, वर्षभराचा प्रश्न आहे. मी ताट सरकवलं आणि सुमेधला विचारलं की तुला कुणाला मारायचंय.

तो म्हणाला, "आई, दोन दिवसांत तिथे एकानेही मला विचारलं नाही की तू मूळचा कुठला."

बालवाडीपासून सगळ्यांनी त्याला ते विचारलं होतं. बसमध्ये, दातांच्या डॉक्टरकडे, मित्रांच्या आयांनी. गोथेनबर्गचा म्हटलं की हसून परत विचारायचे, हो, पण मूळचा? चौदा वर्षं ज्या पोराला यांनी दारात उभं ठेवलं, त्याला गोळी झेलायची वेळ आली तेव्हा आत ये म्हणाले, आणि माझं पोर धावत गेलं. केवढ्या मोठ्या मनाचा देश. त्या रात्रीपासून मला तिथली स्वच्छ बस, वेळेवरची ट्राम, काही म्हणता काही गोड लागेना.

ऑगस्टमध्ये त्याला रुजू व्हायचं होतं. जूनमध्ये शाळा संपल्याबरोबर मी त्याला पुण्याला आणलं. आजोबांना भेटवायला, असं घरात सांगितलं. खरं म्हणजे बाबांनी त्याला अडवावं म्हणून आणलं होतं. माझं ऐकत नसला तरी त्यांचं ऐकेल, ही माझी शेवटची आशा होती. बाबांनी काय करावं? कानातलं यंत्र नीट बसवून त्यांनी नातवाला विचारलं की किती पळवलं, छाती मोजली का, जेवण कसं होतं. सुमेध हातवारे करून सांगत होता आणि बाबा मान डोलावत होते. मी आत जाऊन कुकर आपटला.

रविवारी संध्याकाळी आम्ही सगळे वंदनेला विहारात गेलो. दादाही कामावरून थेट आला होता. इथे एक सांगायला हवं. पंचशील म्हणताना बाबा पहिलं शील म्हणत नाहीत. जीव घेणार नाही, हे ते शील. सगळा विहार एका सुरात म्हणत असतो आणि बाबा ओठ मिटून बसलेले असतात. दुसऱ्यापासून पुढचं ते मोठ्याने म्हणतात. लहानपणी मला वाटायचं, त्यांना पहिलं पाठ होत नाही. कॉलेजात असताना एकदा विचारलं, तेव्हा त्यांनी साध्या आवाजात सांगितलं, "खोटं बोलणार नाही, असं चौथं आहे ना. पहिलं म्हटलं का चौथं तिथंच मोडते."

त्या रविवारीही बाबा पहिल्याला गप्प बसले. दादाने पाचही खणखणीत म्हटली. माझ्या शेजारी सुमेधचा आवाज मला येईना. मी वळून बघितलं तर त्यानेही ओठ मिटले होते. लहानपणी मीच त्याला पाचही शिकवली होती, तो विसरलेला नव्हता. दुसरं सुरू झाल्यावर त्याने आजोबांच्या आवाजात आपला आवाज मिसळला.

बाहेर चपला घालताना बाबांनी आधाराला सुमेधचा खांदा धरला आणि तो सोडला नाही.

"मी पोटासाठी गप राहिलो," ते म्हणाले. "घरी खायला नव्हतं. तू काऊन गप राहिला?"

सुमेधने माझ्याकडे बघितलं. लहानपणी मराठी शब्द अडला की बघायचा, तसंच. मी शब्द सुचवला नाही.

"आजोबा, मला तिथला व्हायचंय," तो शेवटी म्हणाला.

बाबांनी खांदा सोडला. तसं सांगितलं का त्यांनी त्याला, जाऊ नकोस म्हणून? नाही सांगितलं. घरी आल्यावर जेवायला नको म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. मी पायाशी बसले तर मला म्हणाले, मीच शोधलं होतं ते स्थळ. या एका वाक्याबद्दल मी त्या शहाण्या, मवाळ आवाजाच्या माणसांना कधीही माफ करणार नाही. खोटं त्यांनी सांगितलं आणि मान खाली घातली ती माझ्या बापाने, ज्याने जन्मात एक खोटी शपथ घेतली नाही.

ऑगस्टमध्ये सुमेध गेला. थर्मलचे जोड, मोजे, चष्म्याची जादा जोडी, सगळं मीच भरून दिलं. स्टेशनवर इतर आयाही होत्या. आजवर ट्राममध्ये माझ्याकडे बघून न बघितल्यासारखं करणाऱ्या बायका त्या दिवशी जवळ आल्या, त्यातल्या एकीने माझा हात हातात घेतला आणि म्हणाली की आता आपण सगळ्या एकच. कुठली आहेस, हे तिनेही विचारलं नाही.

पुण्याहून फोन येतात, मैत्रिणी विचारतात, काय गं, आता तरी ते घर वाटतं का? इतकी वर्षं मी उडवाउडवीची उत्तरं द्यायचे. आता खरं सांगते. हो, झालं ते माझं घर. पासपोर्ट निळा असला म्हणून काय झालं. आजवर मी तिथे पाहुणी होते. पाहुणीकडे कुणी तिचं पोर मागत नाही.