मावशींनी धुतलेली वार

स्वच्छतेच्या बाबतीत प्रसूती विभागातल्या मावशींचा हात कोणी धरू शकत नसे. बावीस वर्षं त्या तिथे मदतनीस होत्या. त्यांनी पुसलेल्या फरशीवर पाय ठेवायला नव्या नर्सा बिचकत. त्यामुळे वरच्या मजल्यावर संशोधनासाठी आलेल्या डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच दिवशी, "वार धुवायची नाही, आहे तशी वीस मिनिटांत माझ्याकडे आणायची," असं बजावलं, तेव्हा बाई शिकलेल्या असल्या तरी मावशींना जरा घाणेरड्याच वाटल्या.

बाळामागून पडणारी वार आजवर बादलीत जायची. या बाई तिचं वजन करत, नाळ पट्टीनं मोजत, पावासारखे काप काढत आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून तासन्‌तास बसत. बाळं पोटातच का दगावतात, याचं उत्तर त्या तिथे शोधत होत्या. विभागानं त्यांचं नाव 'वारवाल्या बाई' ठेवून टाकलं.

एकदा त्यांनी मावशींना सूक्ष्मदर्शकात डोकावायला लावलं.

"झाडच की हो हे," मावशी म्हणाल्या.

"या फांद्यांच्या बाहेरून आईचं रक्त वाहतं, आतून बाळाचं. दोन्ही रक्तं मिसळत नाहीत, तरी नऊ महिने बाळाला पोटभर मिळतं."

हातमोजे नसते तर मावशींनी तोंडात बोटच घातलं असतं. असलं नवल आपण हजारदा बादलीत टाकलं, या विचारानं त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मावशींच्या लेकीचं पहिलं बाळ सातव्या महिन्यात पोटातच गेलं होतं. नशीब, म्हणाले सगळे. दुसरंही तसंच गेलं, आणि ते इथे, त्यांच्या डोळ्यांदेखत.

त्या दिवशी वार वर नेताना मावशी नळापाशी थांबल्या. परक्यांची न धुता नेली, पण पोटच्या पोरीची अशी कशी न्यायची? मागच्या बाजूला चिकटलेली रक्ताची गाठ त्यांनी अंगठ्यानं हलकेच सोडवली, वार लख्ख धुतली आणि वर पोचवली.

बाईंनी ती उलटी केली. मागे एक खळगा होता. त्यावरून त्या बराच वेळ बोट फिरवत राहिल्या.

"इथे रक्त साकळलं असेल, तर वार आधीच सुटली आणि बाळाचा प्राणवायू तुटला. तसं असेल तर पुढच्या खेपेला पहिल्यापासून काळजी घेता येईल. पण गाठच दिसत नाही. नुसत्या खळग्यावरून छातीठोक कसं सांगू?"

मावशींची नजर आपल्या अंगठ्यावर गेली. बोलावं तर बावीस वर्षांची अब्रू जाणार, कदाचित नोकरीही. गप्प बसावं तर लेकीचं तिसरं बाळही नशिबाच्या खात्यावर जाणार.

"गाठ होती," त्या म्हणाल्या. "मी काढली. लिंबाएवढी, काळपट, घट्ट बसलेली. इथेच."

बाईंचा चेहरा लालबुंद झाला. मग त्यांनी पेन उचललं आणि उलटसुलट प्रश्न विचारून सगळं लिहून घेतलं.

"तुमचे हात नसते तर हे मला कळलं नसतं," त्या म्हणाल्या. पेनाला टोपण लावत पुढे म्हणाल्या, "आणि तुमचे हात नसते तर गाठही जागेवर असती."

तिसऱ्या खेपेला लेकीला पहिल्यापासून रोजची एक गोळी, रक्तदाबावर नजर आणि सारख्या तपासण्या. मावशींचा जीव आठ महिने टांगणीला. अखेर एका भर दुपारी नात रडली. सगळे तिच्याकडे धावले. मावशींनी वारेचं तबक उचललं आणि नळाकडे ढुंकूनही न बघता त्या जिना चढल्या.

"नातीचं तोंड बघितलंत का?" बाईंनी विचारलं.

"वीस मिनिटं म्हणाला होतात ना. ती कुठे पळून जातेय? तुम्ही आधी मागची बाजू बघा."

बाईंनी वार उलटी केली. मग मावशींचंच बोट धरून कडेपासून कडेपर्यंत फिरवलं. गाठ नव्हती, खळगा नव्हता. मावशींनी दुसऱ्यांदा, मग तिसऱ्यांदा बोट फिरवून पाहिलं.

मग त्या तिथेच स्टुलावर बसल्या आणि दोन बाळांचं राहिलेलं रडणं रडल्या. बाईंनी त्यांना थांबवलं नाही. डोळ्यांतलं पाणी वारेवर पडू नये म्हणून तबक तेवढं बाजूला सरकवलं.