डब्बा लायनीत ठेवा

आमच्या गल्लीतल्या पिठाच्या चक्कीवर कुणी घाई केली, की ताई नुसतं बोट जमिनीकडे दाखवायच्या. "डब्बा लायनीत ठेवा." बस, एवढंच. मग तो डब्बा वकिलाच्या घरचा असो की माझा. माझा तर कायम मागे, कारण मी उशिरा उठणारा रिटायर्ड मास्तर. तुमच्याही गल्लीत अशी एखादी बाई असेल. लोक तिला जरा भितात आणि ऐकतातही तिचंच.

घराणं विणकरांचं. सासऱ्यांचा माग मोडला आणि त्या जागी चक्की बसली. ताईंच्या भुवयांवर सदा पीठ. फळीवर मात्र गढूळ पाण्याच्या बाटल्या, प्रत्येकीवर तारखेची चिठ्ठी. आमच्या नळाला गटाराचा वास यायचा. दर सोमवारी ताई एक बाटली महापालिकेच्या झोन ऑफिसात नेऊन साहेबांच्या टेबलावर ठेवायच्या. "घ्या साहेब, घोटभर प्या. मी बसली हाय इथंच."

बऱ्याच वर्षांनी महापालिकेची निवडणूक लागली आणि ताईंनी अपक्ष फॉर्म भरला. सूचक म्हणून पहिली सही माझी. चक्कीवरच्या बायका घरोघर फिरायला निघाल्या होत्या.

"पार्टीतून काहून नाही उभ्या राहत?" मी विचारलं.

"मंग बाटली कोनाच्या टेबलावर ठेवू, सर? तिथं आपलाच मानूस बसून राहीन."

माघार घ्यायच्या शेवटच्या दिवशी सकाळी एका पक्षाचा मोठा माणूस माझ्या घरी आला. माझ्या! सोफ्यावर बसून त्याने दोनदा पोहे घेतले. म्हणाला, "सर, त्या तुमचा शब्द मोडत नाहीत. त्या उभ्या राहिल्या तर आमची मतं फुटतात. माघार घ्यायला सांगा, त्यांना स्वीकृत सदस्य करतो. न लढता सभागृहात." दारात त्याची गाडी उभी होती आणि गल्ली बघत होती. खरं सांगतो, मी फुललो.

तसाच चक्कीवर गेलो. स्वीकृत सदस्यपदाचा निरोप, प्रभाग केवढा मोठा, जागा चार, पॅनलपुढे एकट्या बाईला कोण विचारतं, सगळं बोलून पाहिलं. ताई ढिम्म. मग मी म्हणालो, "ताई, पार्टीतही लाइन असते. तुमचा डब्बा लागला समजा. आता नंबर येणारच."

त्यांनी चक्की बंद केली. "लागला म्हणता?"

"लागला."

"तुम्ही म्हणता तं ठीक हाय." हाताचं पीठ पदराला पुसून त्यांनी सही केली. माघारीचा अर्ज सूचकालाही नेऊन देता येतो. मीच नेला.

जिने कधी कुणाचा डब्बा पुढे सरकू दिला नाही, तिला वाटायचं सगळीकडे रांग अशीच पाळतात. हे मला ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणूनच मी ते बोललो, आणि त्याची मला आजही लाज वाटते.

स्वीकृत सदस्य त्या मोठ्या माणसाची वहिनी झाली. त्याने माझा फोन उचलला नाही. नळाला पाणी अजून तसंच येतं.

ताई आता इथे नाहीत. उन्हाळ्याच्या तोंडी चक्की विकून उमरेडला भावाकडे गेल्या. निवडणुकीनंतर मी तोंड लपवून पाकिटाचं पीठ आणत होतो. त्या जायच्या थोडे दिवस आधी बायकोनेच डब्बा हातात दिला आणि म्हणाली, "जा, किती दिवस टाळाल?"

गेलो. फळीवर एकही बाटली नव्हती. जमिनीवर सात डब्बे रांगेत होते. आपला आठवा ठेवायला मी वाकलो. ताई उठल्या, माझ्या हातून डब्बा घेतला आणि सगळ्यांच्या पुढे नेऊन ठेवला.

"ताई, माझा नंबर मागे आहे."

"असू द्या, सर. मोठ्या लोकाइचा डब्बा लायनीत नसते लागत."

आवाजात राग नव्हता. दळण होईस्तोवर मी उभाच राहिलो. मग गरम डब्बा उचलला आणि त्या सात डब्ब्यांना वळसा घालून घरी आलो.