एका पाठीचा भरवसा नाही

माघातल्या एका मंगळवारी चाचा पैनगंगेच्या वाळूत आडवे झाले. साहेबांनी त्यांना उठायला सांगितले. ते उठले नाहीत. साहेबांनी त्यांच्यावरच तंबू ठोकायला सांगितले. आम्ही ठोकला.

हे वाचून चाचांना काही झाले होते असे तुम्हाला वाटेल. तसे काही नव्हते. आडवे होणे ही त्यांची कामाची रीतच होती.

तेव्हा वऱ्हाडाचा कारभार नागपुराहून चाले. दिवाळी झाली की आमचे साहेब दौऱ्यावर निघत आणि अर्धी कचेरी बैलगाड्यांतून त्यांच्यामागे निघे. मी कारकून. दप्तर सांभाळायचे आणि रिकाम्या वेळी वाचत बसायचे, एवढेच मला येत होते. चाचा तंबू ठोकणाऱ्यांचे मुकादम. या लोकांना कचेरीत खलाशी म्हणत. त्यांच्यापैकी कोणीही समुद्र पाहिलेला नव्हता.

मुक्कामाची जागा ठरवायची असली की चाचा आधी टोपी काढत, ती छातीवर ठेवत आणि त्या जागी उताणे पडून डोळे मिटत. पाव तास तरी हालचाल नसे. मग उठून निकाल देत. "इथं नाही. इथं कानात मुंगी जाते." किंवा, "इथं नाही. या वाटेनं बैल पाण्यावर जातात, ते तुमाले उठवाले थांबनार नाहीत." जागा पसंत पडली तरी ते तेवढ्यावर थांबत नसत. माझ्याकडे वळत.

"किताबवाले, झोपा जरा."

"चाचा, तुम्ही पाहिलीत ना जागा?"

"एका पाठीचा भरवसा नाही."

मग मीही पुस्तक मिटून त्यांच्या शेजारी आडवा होई. माझी पाठ अगदी सामान्य आहे. तिला कधी काही कळले नाही. पण "कसं काय?" असे चाचांनी विचारले की मी "ठीक वाटते" म्हणे, आणि त्यांना ते मोठ्या अधिकाऱ्याच्या सहीसारखे वाटे.

साखरखेर्ड्याच्या बाजूला एकदा आम्ही दोघे असेच पडलो होतो. गावच्या कोतवालाने पाहिले आणि धावत जाऊन पाटलांना आणले. कचेरीची माणसे पडली आहेत त्या अर्थी वरून हुकूम असणार, असे पाटलांना वाटले. मी डोळे उघडले तेव्हा ओळीने सात जण उताणे पडलेले होते, पागोटी छातीवर ठेवून. माझ्या शेजारी पाटील होते. त्यांनी हळूच विचारले, "किती वेळचा हुकूम आहे जी?"

चाचांनी डोळे न उघडता सांगितले, "पाटील, तुमची पाठ काय म्हनते ते सांगा."

"गार लागून राह्यलं."

"बराबर. ओल आहे. चला, दुसरी जागा पाहू."

त्या दिवसापासून चाचा पाटलांचे नाव नेहमी आदराने घेत.

दौऱ्याच्या आधी कचेरीच्या आवारात रंगीत तालीम होई. तंबू खरोखर उभे करून त्यात एक अख्खा दिवस राहायचे. साहेब या गोष्टीला येत नसत, म्हणून साहेबांचे काम मला करावे लागे. मी खाटेवरून डोळे मिटून पाय खाली सोडायचे आणि जोडे सापडले पाहिजेत. नाही सापडले तर चाचा जोडे बोटभर सरकवत आणि मला पुन्हा झोपवत. मी कनातीच्या पडद्याआड न्हाणीच्या जागी बसायचे, आणि चाचा माझ्यावर घागर रिकामी करून पाणी कुठे वाहते ते पाहत. मी कपड्यांसकट बसत असे, कारण समोर हेड कारकुनांची खिडकी होती. एकदा त्यांनी मला शिंकायलाही लावले. तंबूत साहेब शिंकले तर बाहेरच्या शिपायाला ऐकू जाते का, हे त्यांना पाहायचे होते. मला शिंक येईना. तासभर आम्ही थांबलो.

कचेरीत बदलून आलेल्या माणसाला लोक त्याचे गाव विचारत, घर विचारत. चाचा विचारत, "कोनत्या कुशीवर झोपता?" आणि ते विसरत नसत. हेड कारकून डावे. मी उजवा. मागचे एक साहेब पालथे. पालथ्या माणसाचा तंबू चढावाकडे तोंड करून ठोकायचा असतो, असे चाचांचे मत होते. त्याचे कारण मी एकदा विचारले होते. ते म्हणाले, "तुमी पालथे झोपून पाहा, मंग मालूम पडन." मी झोपून पाहिले. काही मालूम पडले नाही.

"चाचा," मी त्यांना एकदा विचारले, "कधी काही घडले होते का? साप निघाला, तंबू उडाला, कोणी दगावले?"

"कवाच नाही. तीस वरसात कोनाले काटा टोचला नाही."

"मग एवढे करता काऊन?" त्यांच्याशी बोलताना माझ्या तोंडीही तसे शब्द येत.

"काहीच झालं नाही, ते का आपोआप झालं?" ते म्हणाले.

मग नवे साहेब आले. पुण्याकडचे, तरुण, आणि पुस्तक घेऊन आलेले. ते इंग्रजी पुस्तक तंबूत सुखाने व सुरक्षित कसे राहावे याविषयी होते. मला पुस्तकांचा नाद आहे हे कळल्यावर त्यांनी ते माझ्याकडे दिले आणि खलाशांना रोज थोडे समजावून सांगायला सांगितले. मी व्हरांड्यात बसून सांगू लागलो. पहिल्या दिवशी तंबूवर बर्फ साचल्यास तो काठीने आतून झाडावा, हे सांगितले. खलाशी ऐकत होते. चाचांनी विचारले, "किती जाड काठी?" ते पुस्तकात नव्हते. दुसऱ्या दिवशी अस्वल आल्यास अन्न झाडाला टांगावे, असे निघाले.

"अस्वल झाडावर चढते न," चाचा म्हणाले.

"यातले चढत नसेल."

"मंग यातलं अस्वल इकडं काय करून राह्यलं?"

पण पुस्तकावर त्यांचा राग नव्हता. ते हातात घेऊन त्यातली चित्रे त्यांनी नीट पाहिली. "मेहनतीनं लिवलं आहे," म्हणाले. "लिवनारा फक्त झोपून पाहाचा राह्यला."

साहेबांना मात्र चाचांचे झोपणे पसंत नव्हते. सरकारी नोकर उघड्यावर लोळतो, हे त्यांना बरे दिसेना. त्यांनी आधी समज दिली, मग बंदी केली. चाचा काही दिवस उभ्यानेच जागा पाहू लागले, आणि त्यांची कंबर दुखू लागली.

त्या मंगळवारी आम्ही पैनगंगेच्या काठी पोचलो. काठावरची उंच जागा चाचांनी आधीच हेरून ठेवली होती. साहेब खाली पात्रात उतरले. वाळू मऊ होती, समोर पाणी, पलीकडे हिरवी शेते. पुस्तकात असलेच एक चित्र होते. साहेब म्हणाले, "इथेच ठोका."

"साहेब, इथं नको," चाचा म्हणाले. "हे नदीचं अंथरून आहे. ती कवाही येऊ शकते."

"माघात पूर येत नसतो. आभाळात एक ढग नाही."

"इथं नाही. वरती कुठं आहे का नाही, मले काय मालूम."

"मग बोलू नका. हुकूम आहे. ठोका."

"नाही ठोकनार साहेब."

चाचांच्या तोंडून 'नाही' मी हजार वेळा ऐकले होते, पण ते जागेला. माणसाला ते पहिल्यांदाच म्हणत होते. मग त्यांनी टोपी काढली, छातीवर ठेवली आणि ते आडवे झाले. पुढचे मी सांगितलेच आहे.

तंबूत त्या दिवशी गावकऱ्यांच्या अर्ज-तक्रारी ऐकायच्या होत्या. टेबल-खुर्ची मांडली. टेबलाच्या उजव्या हाताला मी, डाव्या हाताला जमिनीवर चाचा. माणसे आत येत, साहेबांना नमस्कार करत, मग जरा विचार करून चाचांनाही करत. एक म्हातारी बाई बांधाची तक्रार घेऊन आली होती. ती चाचांकडे पाहत दारातच थांबली.

"आमचं नंतर पाहा जी," ती म्हणाली. "आधी याचा निकाल लावा. माती वाट पाहून राह्यली."

कोणी हसले नाही. साहेबांचे कान लाल झाले. ते मला म्हणाले, "लिहून घ्या. याने काम नाकारले."

मी लिहिले, 'सदरहू इसमाने हुकूम असताना तंबू ठोकण्यास नकार दिला.' नदीच्या पात्रात धोका वाटला म्हणून, अशी आणखी अर्धी ओळ लिहिता आली असती. कागदावर जागा होती. साहेबांनी तेवढेच सांगितले होते म्हणून मी तेवढेच लिहिले. चाचा माझ्यापासून चार हातांवर डोळे मिटून पडले होते. साहेबांनी सही केली.

दिवस कलून असरच्या नमाजाची वेळ झाली तसे चाचा उठले. त्यांनी वाळू झटकली, पाण्याशी जाऊन हातपाय धुतले, काठावर नमाज पढला आणि ते जानेफळच्या वाटेने घरी चालत गेले.

आमचा मुक्काम तिथे तीन दिवस होता. पाणी आले नाही. नदी घोट्याइतकीच वाहत राहिली. साहेबांना उत्तम झोप लागली.

पंधरा दिवसांनी मी जानेफळला चाचांच्या घरी गेलो. ते ओट्यावर बसले होते. नोकरीतून काढल्याचा कागद त्यांना मिळाला होता, पण त्यांनी तो कोणाकडून वाचून घेतला नव्हता.

"तुमी येसानच म्हनून ठेवला," ते म्हणाले. "वाचा."

मी वाचला. माझे वाक्य त्यात जसेच्या तसे होते.

"कोनं लिवलं हे?"

"मी लिहिले, चाचा."

"खरं लिवलं," ते म्हणाले. "नाहीच म्हनलो होतो मी." मग कागदाची घडी घालून त्यांनी विचारले, "पानी आलं का मंग?"

"नाही आले."

"बरं झालं. त्या पोराले पोहता येत नसन." हे ते साहेबांबद्दल म्हणाले. मग समोरच्या बाभळीकडे पाहत राहिले. "म्हंजे मी तिथं नसलो तरी काही होत नाही. तीस वरसं मी उगीच झोपलो म्हना."

मला हे ऐकवेना. मी म्हणालो, "तुम्ही होतात ना तिथे, चाचा. दुपारभर झोपून होतात."

त्यांनी यावर बराच विचार केला.

"हाव," ते म्हणाले. "ते बी आहे."

आणि मला पाणी आणायला ते आत गेले.

साहेबांची पुढे बदली झाली. मी त्याच कचेरीत राहिलो. चाचा गेल्या भाद्रपदात वारले. मला आठ दिवसांनी कळले.

त्या दिवसाचा कागद दप्तरात आहे. त्यातला एकही शब्द खोटा नाही.