पेंटरची चूक

महेंद्र ओव्हाळचं अक्षर शिरूर तालुक्याच्या खालच्या अंगाला अजून भिंतीभिंतीवर आहे. न्हावऱ्याकडच्या दूध डेऱ्यांवर, सोसायटीच्या शटरांवर, विहाराच्या कमानीवर. 'श' काढताना तो गाठ जरा खाली ओढतो, त्यावरून कळतं. ही कला तो केडगावला शिकला. स्टेशनसमोर एक म्हातारा पेंटर होता, त्याच्या हाताखाली आठ वर्षं काढली. पुढं फ्लेक्स आले आणि दुकानांची कामं गेली. उरली ती सरकारी कामं: अंगणवाडीचे हत्ती, शाळेचे तक्ते, पाणी वाचवायच्या घोषणा आणि दरफलक.

गावाचं नाव मी लिहीत नाही. महेंद्रला तिथंच राहायचं आहे. भीमेपासून थोडं आत आहे आणि शुक्रवारी बाजार भरतो, एवढं पुरे.

त्याची आई जाईबाई त्याच बाजारात मेथी-शेपूच्या जुड्या घेऊन बसते. बसायच्या जागेचे ग्रामपंचायत पैसे घेते, त्याला सगळे पावती म्हणतात. खाली गोणपाट टाकून बसणाऱ्याला दहा रुपये, असं कित्येक वर्षं चाललं होतं. तो जुना फलकही महेंद्रनंच लिहिला होता.

तीन वर्षांपूर्वी मार्चअखेरीला ग्रामसेवकानं त्याला ऑफिसात बोलावलं. बाजाराच्या पावतीचा ठेका त्या वर्षापासून पृथ्वीराजकडं गेला होता. वीस एकर ऊस, सोसायटीत चुलता, दारात दोन टेम्पो, असं त्याचं घर. तोही खुर्चीत बसलेला होता. ग्रामसेवकानं एक चिठ्ठी पुढं सरकवली. खाली बसणाऱ्याला तीस, हातगाडीला पन्नास, टेम्पोला दीडशे.

महेंद्रनं चिठ्ठी दोनदा वाचली. "खाली ठराव नंबर आन् तारीख लिवावी लागती, भाऊसाहेब. मागच्या फलकावर व्हती."

"तेवढी जागा सोड. नंतर टाकू."

"ठराव झालाय ना पण?"

पृथ्वीराज हसला. "महेंद्रभाऊ, तुम्ही पेंटर हाय का ऑडिटर?"

महेंद्रनं फलक लिहिला. पिवळ्यावर काळी अक्षरं, आकडे लाल. खाली चार बोटं जागा सोडली. काम संपल्यावर त्यानं ब्रश त्याच चिठ्ठीला पुसला आणि चिठ्ठी गटारीत टाकली. ती त्याची रोजची सवय होती. ती सवय त्याला पुढं फार महागात पडली.

पुढच्या शुक्रवारी पृथ्वीराजची माणसं पावतीबुकं घेऊन फिरली. कुणी वाद घातला की ती फलकाकडं बोट दाखवायची. बाया फलकाकडं बघायच्या आणि मग जाईबाईकडं. आठवड्याला वीसेक गावरान अंडी विकायला आणणारी दगडाबाई एकदा उभ्या उभ्याच बोलली, "जाई, तुझ्या ल्योकाचा हात लई चांगला. तीस किती ठळक काढलंय." त्यानंतर ती बाजारात आली नाही. अंडी वाटेवरच्या हॉटेलाला देऊ लागली, तो देईल त्या भावानं.

जाईबाई घरी येऊन एवढंच म्हणाली, "तू लिवलं नसतंस तर?"

"तर दुसऱ्यानं लिवलं असतं, आई."

"मग त्याला बोलल्या असत्या."

हे त्याला लागलं. दीड वर्ष तो ग्रामपंचायतीत विचारत राहिला. ग्रामसेवक म्हणाला, दर वरून आले. वर म्हणजे शिरूरला पंचायत समितीत तो गेला, तर तिथल्या क्लार्कनं सांगितलं की बाजाराचे दर ग्रामपंचायतच ठरवते, आमचा काय संबंध. सरपंचांकडं गेला तर त्या म्हणाल्या, ग्रामसेवकाला माहीत. तेवढ्यात ग्रामसेवकाची बदली झाली. नवा आला, तो म्हणाला, "माझ्या काळातलं नाही."

शेवटी महेंद्रनं माहितीच्या अधिकारातला अर्ज लिहिला. कोर्ट फी स्टॅम्प लावला. मागणी एकच होती: बाजाराचे सध्याचे दर ज्या ठरावानं ठरले, त्याची प्रत. इतका सुबक अर्ज त्या ऑफिसात आजवर आला नसेल. तीस दिवस गेले, उत्तर नाही. शिरूरला अपील केलं. तिथले साहेब सभ्य होते. त्यांनी बसायला खुर्ची दिली, चहा दिला आणि माहिती द्या असा आदेशही दिला. मग पोस्टानं एका ओळीचं पत्र आलं. 'मागणी केलेला अभिलेख कार्यालयात आढळून येत नाही.'

महेंद्रची बायको माया दहावी शिकलेली. तिनं पत्र वाचलं आणि म्हणाली, "म्हंजी ठरावच न्हाई. जिंकलात की तुम्ही."

त्यालाही तसंच वाटलं. ते पत्र जोडून त्यानं तक्रार केली की दोन वर्षं ही वसुली ठरावाशिवाय चालली आहे, जबाबदार कोण ते ठरवा. त्या आठवड्यात तो बाजारात आईशेजारी जाऊन बसला. बायांनी त्याला गूळ-शेंगदाणे दिले. त्याला सुखाचं आठवतं ते तेवढंच.

चौकशीला विस्तार अधिकारी आले. ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये एकेकाचा जबाब झाला. पृथ्वीराज म्हणाला, मी फलकावर होतं तेवढंच घेतलं, जास्त घेतलं असेल तर दाखवा. सरपंच म्हणाल्या, दरवाढ आमच्यापुढं आलीच नव्हती. बदलून गेलेल्या ग्रामसेवकानं लेखी कळवलं की आपण जुनाच दर लिहायला सांगितला होता.

महेंद्रची पाळी आली.

"तुम्हाला हे दर कुणी दिले?"

"ग्रामसेवकानं. चिठ्ठी दिली व्हती. ह्ये पृथ्वीराज समोर बसले व्हते."

"चिठ्ठी आहे?"

"न्हाई. ब्रश पुसला तिला."

अधिकाऱ्यांनी पेन थांबवलं. "काही लेखी?"

महेंद्रनं बिलाची प्रत काढली. ग्रामपंचायतीनं पास केलेलं बिल, त्यावर 'दरफलक लिहिणे, एक नग'.

"यात फलक लिहिला एवढंच आहे. काय लिहायचं होतं, ते नाही."

"साहेब, माझी आई त्याच बाजारात बसती. मी माझ्याच आईची पावती तिप्पट करीन व्हय?"

"ते मला अहवालात लिहिता येत नाही," साहेब म्हणाले. आवाजात राग नव्हता. त्यांना पुढं दौंडकडं जायचं होतं, बाहेर गाडी चालू होती.

अहवाल दीड महिन्यानं आला. दोन पानं. शेवटच्या परिच्छेदात होतं, 'फलकावरील दर पेंटरने अनवधानाने चुकीचे लिहिल्याचे दिसून येते. कोणाही पदाधिकारी वा कर्मचाऱ्याचा हेतुपुरस्सर दोष आढळत नाही.' सोबत महेंद्रला नोटीस होती, सात दिवसांत खुलासा करावा. त्यानं चार पानी खुलासा दिला. त्याची पोच तेवढी मिळाली.

मग ग्रामसभा झाली. मंदिरापुढं मांडव, माणसं साठेक. विषयपत्रिकेवर सहावा विषय होता: आठवडे बाजाराच्या सध्याच्या दरांना, ते लागू झाले त्या तारखेपासून कार्योत्तर मंजुरी देणे. म्हणजे दर तेच राहणार आणि मागची दोन वर्षंही कायद्यात बसणार.

महेंद्र मागं उभा होता. त्यानं हात वर केला.

"एक इचारायचं हाय. दर माझ्या चुकीनं लिवले गेले, असं सरकारी कागदात हाय. मग पेंटरच्या चुकीला गाव मंजुरी कशापायी देतंय?"

ग्रामसेवक कागद चाळत राहिला. पुढच्या रांगेत पृथ्वीराज मोबाईल बघत होता. बाजारातल्या बाया मांडवाच्या कडेला होत्या. महेंद्रनं त्यांच्याकडं पाहिलं. त्यांना पुढच्या शुक्रवारी जागा हवी होती आणि जागा पृथ्वीराजची माणसं लावून देत. त्या खाली बघत होत्या. जाईबाईही त्यांच्यातच होती. तीही खाली बघत होती.

"सूचक, अनुमोदक?" ग्रामसेवकानं विचारलं. दोन हात वर झाले. "मंजूर. विषय सात."

त्यानंतर ग्रामपंचायतीनं त्याला काम दिलं नाही. लेखी काही नव्हतं, पण आजूबाजूच्या गावांतूनही बोलावणं येईना. एका ग्रामसेवकानं तोंडावर सांगितलं, "तुम्ही लिहिता चांगलं, पण नंतर अर्ज करता." नवा फलक शिरूरहून फ्लेक्सवर छापून आला. महेंद्र आता रांजणगावला एका शेडमध्ये लोखंडी कपाटांना स्प्रे मारतो. तिथं मालाचे नंबरही स्टेन्सिल ठेवून मारतात, हातानं अक्षर काढायचं काम नाही. तो खोकतो, पण पगार वेळेवर होतो.

गेल्या महिन्यात गुरुवारी, सुटीच्या दिवशी, वडगाव रासाईकडून मल्हारी नावाचा एक शेतकरी मोटारसायकलवर त्याचं घर विचारत आला. त्यांच्या वस्तीची पाणीपट्टी दुप्पट झाली होती. कुणी केली, कळत नव्हतं. कुणीतरी त्याला सांगितलं होतं की माहितीचा अर्ज लिहावा तर ओव्हाळ पेंटरनं.

महेंद्रनं पेन, कागद घेतला. वरचा मायना लिहिला. मग थांबून विचारलं, "तुमच्यात पट्टीची पावती कोण फाडतं?"

"शिपाई हाय ना आमचा. गरीब हाय बिचारा."

महेंद्रनं पेन खाली ठेवलं आणि आपलं सगळं सांगितलं. चिठ्ठीपासून ग्रामसभेपर्यंत. काही राखलं नाही. मायानं चहा आणला, तो निवून गेला. मल्हारी ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, "म्हंजी शिपायावर जाईल ह्ये?"

"जाईल का न्हाई, ते मला सांगता येत न्हाई. पण आधी त्याला इचारा. आन् तरीबी लिवायचं ठरलं, तर मी लिवून देतो. पैसं नको."

मल्हारीनं तो अर्धवट लिहिलेला कागद घडी घालून खिशात ठेवला. "बघतो, दादा. घरी इचारतो," म्हणाला आणि मोटारसायकलला किक मारून न्हावऱ्याच्या रस्त्याला लागला.

तो परत आलेला नाही.