ब्रेक दाबला की थरथरते

बाबांकडून मी गाडीची किल्ली काढून घेतली, ही माझी चूक. दोष गाडीत होता, त्यांच्या हातांत नव्हता. आणि गाडीत तो बहुधा मीच घातला होता. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मला स्वतःची बाजू घेता येणार नाही.

गाडी माझ्या नावावर होती, पण चालवायचे बाबाच. मला पीथमपूरला न्यायला कंपनीची बस येते. तिथे मी औषधाच्या बाटल्या तपासतो. सील नीट बसलंय का, लेबल सरळ आहे का, हे माझं काम. बाबा बुधवारी खजरान्याला देवदर्शनाला जात, महिन्याचा किराणा सियागंजच्या बाजारातून आणत आणि दर गुरुवारी महूला जात. महूला त्यांचे शाळेपासूनचे मित्र राहत, मी त्यांना काका म्हणे. पक्षाघातानं ते अंथरुणाला खिळले होते. बाबा त्यांना पेपर वाचून दाखवत आणि त्यांची दाढी करून देत. काकांना दुसऱ्या कुणाचा वस्तरा गालाला लागलेला चालत नसे. हे मला ठाऊक होतं. त्याचा अर्थ मात्र मी कधी लावला नाही.

गोष्ट दसऱ्यापासून सुरू होते. आमच्याकडे दसऱ्याला गाडी धुतात, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढतात, झेंडूची माळ घालतात. त्या वर्षी आम्ही आत्याकडे महेश्वरला निघालो. गाडी मी चालवत होतो. जामच्या घाटात उताराला मी गिअर वरचाच ठेवला आणि सगळा उतार ब्रेक दाबत उतरलो. बाबा शेजारी होते. "गिअर खाली घाल," ते एकदा म्हणाले. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाले. मी म्हणालो, "बाबा, आजकालच्या गाड्यांना नाही लागत तसं."

आत्याच्या दारात पोचलो तेव्हा चाकांतून जळका वास येत होता. आत पूजेची तयारी झाली होती, सगळे खोळंबले होते. धुळीनं माखलेल्या गाडीची पूजा कशी करायची म्हणून मी अंगणातल्या टाकीतून बादली भरली आणि चाकांवर ओतली. चर्र झालं, वाफ निघाली. बाबा म्हणाले, "अरे, निवू दे चाकं." तोवर मी दुसरी बादली ओतत होतो.

दिवाळीनंतर बाबांनी पहिल्यांदा सांगितलं, "गाडी थरथरते रे. ब्रेक दाबला की स्टिअरिंग हलतं."

मी कॉलनीत दोन चकरा मारून आलो. काही हललं नाही. "बराबर आहे की," मी म्हणालो.

"गल्लीत नाही कळणार. महूच्या रस्त्यावर कळतं. जोरात असली म्हणजे."

महूच्या रस्त्यावर मी गेलो नाही. त्याच सुमारास बाबांचा चहाचा कप बशीवर किंचित वाजू लागला होता. मी त्या कपाकडे पाहिलं आणि मनात निकाल लावून टाकला. डॉक्टरांना दाखवलं. वयाचं आहे, सध्या काळजीचं काही नाही, असं ते म्हणाले. त्यातलं मी 'वयाचं आहे' एवढंच धरून ठेवलं.

थंडीत एका संध्याकाळी बाबा पुन्हा तेच म्हणाले आणि मी बोललो, "बाबा, गाडी नाही थरथरत. तुमचे हात थरथरतात."

बायको चपात्या लाटत होती, ती थांबली. बाबांनी आपले दोन्ही हात टेबलावर ठेवले आणि त्यांच्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "ब्रेक दाबला की तेवढे थरथरतात. सोडला की थांबतात. पाय ब्रेकवर गेला हे माझ्या हातांना कसं कळतं रे?"

दोष दिसला की तो कधी येतो आणि कधी येत नाही, हे आधी बघायचं, असं मी कारखान्यात नव्या पोरांना शिकवतो. घरी मी किल्ली खुंटीवरून काढून माझ्या कपाटात ठेवली. हे त्यांच्या काळजीपोटी करतोय असं मला वाटत होतं. थोडं बरंही वाटत होतं, हेही खरं.

"आणि महूला कसे जाणार ते?" बायकोनं विचारलं.

"मी नेईन ना रविवारी."

काही रविवारी नेलंही. हळूहळू, गल्लीतल्यासारखीच चालवत. मागच्या गाड्या हॉर्न देत आणि बाबा खिडकीबाहेर बघत. मग माझे रविवार भरत गेले. बाबा बसनं जाऊ लागले. एकदा उतरताना त्यांचा पाय मुरगळला. त्यानंतर ते जायचे थांबले. फोनवर काकांना बोलणं जमत नसे, म्हणून बाबाच एकटे बोलत. पेपरातलं एखादं वाचून दाखवत आणि मग "हो, हो, ठेवतो" म्हणत. खजराना, सियागंज आपोआपच सुटलं. घरात कुणी कुणावर रागावलं नाही. तक्रार झाली असती तर मला काही सुचलं असतं कदाचित.

आषाढात सकाळी फोन आला. काका गेले होते.

मी सुट्टी टाकली आणि गाडी काढली. बाबा शेजारी बसले. अंत्ययात्रा निघायच्या आत पोचायचं होतं म्हणून त्या दिवशी पहिल्यांदाच मी गाडी जोरात चालवत होतो. राऊच्या पुढे एक ट्रॅक्टर आडवा आला आणि मी ब्रेक दाबला.

स्टिअरिंग माझ्या हातात थडथडू लागलं. हात कोपरापर्यंत हलत होते. मी ब्रेक सोडला, थांबलं. पुन्हा दाबला, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा दाबायची गरज नव्हती, रस्ता मोकळा होता. तरी दाबला.

बाबांनी माझ्या हातांकडे पाहिलं. मग समोर पाहिलं. मला काही वाटलंही नाही त्या वेळी. वायपर लावावा की नको, एवढाच विचार डोक्यात होता.

काकांना ओसरीत ठेवलं होतं. त्यांची दाढी वाढलेली होती, पांढरी, गळ्यापर्यंत आलेली. काकू बाबांना म्हणाल्या, "न्हाव्याला बोलावलं होतं भाऊजी. तोंड फिरवून घ्यायचे. तुमची वाट बघत होते बहुतेक."

बाबांनी वस्तरा मागितला. कुणी तरी वाटीत पाणी आणून दिलं. बाबा खाली बसले आणि त्यांनी काकांची दाढी केली. गालावरून, हनुवटीखालून, गळ्यावरून. वस्तरा कुठेही अडखळला नाही. मी खांबाला टेकून शेवटपर्यंत बघत होतो.

श्रावणात, बाबांना न सांगता, मी गाडी गॅरेजमध्ये नेली. मिस्त्रीनं पुढची चाकं काढली, आतली लोखंडी तबकडी हातानं फिरवली आणि म्हणाला, "डिस्क टेढ़ी है भिया. आगे की दोनों."

"कशामुळे?" मी मराठीतच विचारलं. मग हिंदीत विचारलं.

"कुछ भी हो सकता है. पुरानी भी है. घाट में ब्रेक पे ब्रेक मारो, या गरम पहिये पे पानी डाल दो, तो भी हो जाती है. चलाता कौन है?"

"पिताजी."

"तो उनको समझा देना. इस उमर में कोई सुनता नी है वैसे."

मी म्हणालो, "बोल दूंगा."

असं मी म्हणालो. तिथे बाबा नव्हते, मला भिण्यासारखं काही नव्हतं, तो माणूस मला ओळखतही नव्हता. तरीही दोष मी पुन्हा त्यांच्याच हातात ठेवून आलो. किल्ली चुकीनं काढून घेतली असं एक वेळ म्हणता येईल. हे चुकीनं झालं नव्हतं.

घरी येऊन मी किल्ली पुन्हा दाराजवळच्या खुंटीला अडकवली. बाबांना दिसेल, ते घेतील आणि बोलावं लागणार नाही, असा माझा हिशेब होता. किल्ली तिथेच लटकत राहिली.

मग दसरा आला. गाडी मी आदल्या रात्रीच धुऊन ठेवली होती. सकाळी पूजा झाली. बाबांच्या हातात आपट्याचं पान देऊन मी वाकलो. नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ वाकून राहिलो, यातच त्यांनी काय ते समजून घ्यावं म्हणून. ते म्हणाले, "यशस्वी हो," जसे दर वर्षी म्हणतात.

दुपारी म्हणाले, "महूला जाऊन येऊ. वहिनींकडे यंदा सण नाही, पण बसून येऊ थोडं."

राऊच्या पुढे रस्ता मोकळा होता. बैल कडेनं रस्त्यावर येताना दिसले आणि मी ब्रेक दाबला. गाडी अलगद थांबली. बाबांची नजर स्टिअरिंगवर होती.

"नाही थरथरत आता," ते म्हणाले.

"नाही."

"कधी केलंस?"

"श्रावणात."

"बोलला नाहीस."

बैल गेले तरी मी गाडी पुढे नेली नाही, रस्त्याच्या कडेला घेतली. इंजिन बंद केलं. किल्ली काढून त्यांच्यापुढे धरली आणि म्हणालो, "इथून तुम्ही चालवा."

त्यांनी किल्ली घेतली नाही. उजवा हात माझ्यासमोर उघडा धरला. तो कापत होता. कपात कळत असे तेवढा नाही, चांगला दिसेल असा.

"आता खरंच कापतो," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. चाचणीचा निकाल सांगावा तसं सांगितलं. "काका गेल्यापासून. तू चालव."

किल्ली माझ्याच हातात राहिली. मी समोर बघत बोललो, त्यांच्याकडे बघून जमलं नसतं.

"बाबा, तेव्हा तुमचे हात नव्हते कापत. गाडीची डिस्क वाकली होती. घाट मी ब्रेकवर उतरलो आणि तापल्या चाकांवर पाणी मी ओतलं, तुम्ही नको म्हणत असताना. तुम्ही बरोबर सांगत होतात, मी ऐकून घेतलं नाही. मिस्त्रीलाही मी तुमचंच नाव सांगितलं. रविवारी नेतो म्हणालो आणि नेलं नाही. काका वाट बघत राहिले ते माझ्यामुळे. माझं चुकलं, बाबा. मला माफ करा."