बुडालेल्या लाँचीचा कॉक

भुताखेतांच्या गोष्टी मला कोणी सांगायला लागलं की मी उठून कामाला लागते. नर्स म्हणून मालवणच्या बाजूला मी बरीच वर्षं काढली आहेत. मेलेली माणसं धुतली, गुंडाळली... त्यांतलं कुणी उठून माझ्याशी बोललेलं नाही. तरीही तुमच्या वाचकांपुढे हे मांडते आहे, कारण यात मी जे हाताने चाचपून पाहिलं, त्याचं उत्तर मला अजून कुणी दिलेलं नाही.

दहा-बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. मालवणहून देवबागला जायचं म्हणजे आधी लाल माती आणि पुढे नुसती रेती. एका हाताला समुद्र, दुसऱ्या हाताला खाडी. बाळंतपणाचं बोलावणं आलं की माझा धाकटा भाऊ दिनू मला मोटरसायकलवर मागे बसवून न्यायचा. गाडी लढाईच्या वेळची, लष्कराने मोडीत काढलेली. दिनू लाँचींची इंजिनं दुरुस्त करायचा, त्यामुळे ती चालू ठेवणं त्याला जमत होतं. पण रेतीत तिचा जीव जायचा. पहिल्या गिअरमध्ये पूर्ण रेस दिली की थोडं अंतर नेटाने ओढायची आणि मग खोकत बंद.

दिनूने टाकीखालची नळी काढून खाली बाटली धरली. पेट्रोल सुतळीएवढ्या धारेने येत होतं. त्याने टाकीतला गंज खडे घालून धुतला, झाकणातलं हवेचं भोक मोकळं केलं, तरी धार तेवढीच. टाकीतून पेट्रोल सोडायचा जुना कॉकच मुळात बारीक होता. भोक मोठं असलेला कॉक आणि जाड नळी हवी, असं त्याचं ठरलं. तसा कॉक आसपास एकच होता — विठू तांडेलाच्या लाँचीचा.

ती लाँच वैशाखात खाडीच्या तोंडावर बुडाली होती. तिच्यावर इंजिन सांभाळणारा विठूचा एकुलता एक मुलगा पांडू गेला. इंजिन मागाहून दिनूनेच दोर लावून ओढून काढलं होतं, आणि ते विठूच्या घराबाहेर उंडीच्या झाडाखाली पडून होतं. बुडालेल्या होडीचं सामान आमच्याकडे कुणी वापरत नाही. ते किनाऱ्यावर कुजतं, नाहीतर परत समुद्रात सोडतात. दिनूने कॉक मागितला तेव्हा विठूने एकदा इंजिनाकडे पाहिलं. मग स्वतःच पाना घेऊन उठला.

"बुडल्या लाँचीचा सामान जमनीर वापरूचा नसता, माका ठाऊक आसा," तो म्हणाला. "पण पांडूची बायल पोटुशी आसा. तुझी आक्का येळार येवक व्हयी. ने तू."

पितळेचा कॉक, त्याला फिरवायची दांडी; उभी म्हणजे चालू, आडवी म्हणजे बंद. आटे जुळत नव्हते, म्हणून दिनूने मध्ये एक तुकडा बसवून डाख दिला. आता धार करंगळीएवढी. पहिल्याच दिवशी गाडी रेतीतून अशी सुटली की मी त्याच्या कमरेला घट्ट धरलं. तो मान मागे वळवून ओरडला, "आक्का, आता तू पोचतलंस तेव्हा पोर पोटातच असतला!"

त्याच दिवशी ती राखणदाराच्या वळणावर बंद पडली.

हे वळण देवबागच्या अलीकडे आहे. खाडीच्या काठाला एका दगडाला शेंदूर लावलेला आहे, तो तिथला राखणदार. मी उतरून पाहिलं, टाकी भरलेली, पण कॉकची दांडी आडवी. कॉक बंद झाला होता. दिनूचा गुडघा लागला असेल, असं मी म्हटलं. दांडी फिरवली, गाडी चालू झाली. येताना त्याच जागी पुन्हा बंद. मग आम्ही जेव्हा जेव्हा गेलो तेव्हा तेव्हा तेच. हादऱ्याने फिरत असेल म्हणून दिनूने कॉकचा नट इतका आवळला की दांडी पकडीशिवाय हलेना. मालवणच्या खाचखळग्यांत ती जागची हलली नाही. वळणावर मात्र आडवी झालेली.

मी घाबरले नाही. मला राग यायचा. वेळेची खोटी होत होती.

मार्गशीर्षात एका दुपारी विठूकडून बोलावणं आलं. सुनेला सकाळपासून कळा होत्या. आम्ही लगेच निघालो. वळणावर गाडी बंद पडली. दिनू पकड घेऊन तयारच होता. त्याने दांडी उभी केली, किक मारली, पुन्हा मारली. गाडी चालू होईना. नळी काढली तर पेट्रोल भरभरून येत होतं. तो परत किक मारायला लागला तशी मी पिशवी उचलली आणि रेतीतून चालत सुटले. दुपारची रेती. पाय आत जात होते.

पोचले तेव्हा मूल बाहेर आलं होतं. मुलगी, चांगली रडत होती. पण वार अडकली होती आणि खालचं कांबळं भिजून गेलं होतं. मी जे करता येतं ते सगळं केलं. जरा आधी पोचले असते तर... हे मी नर्स म्हणून सांगते आहे, हळहळ म्हणून नाही. बाळंतीण वाचण्यासारखी होती. दिवेलागणीच्या आधी ती गेली.

विठू ओट्यावर बसला होता. गाडी कुठे थांबली, एवढंच त्याने विचारलं. मी सांगितलं. त्याचा चेहरा उतरला.

"थंय राखणदारासमोर सगळे लाँचवाले इंजिन बंद करतत," तो म्हणाला. "नारळ सोडतत, मगे पुढे जातत. आमच्या लाँचीर कॉक बंद करूचा काम पांडूचा. त्या दिसा वारो सुटलो होतो. मीच पांडूक सांगलंय, आज थांबू नको."

मी पिशवी आवरायला घेतली.

"तो कॉक माका परत दी गो बाय. समुद्रात सोडतंय."

घरी येऊन मी दिनूला ते सांगितलं. त्यानंतर दोन दिवस तो जेवला नाही. आपल्या गाडीने बाई मारली, हे त्याच्या डोक्यातून जाईना. तिसऱ्या दिवशी सकाळी तो अंगणात बसून कॉकची दांडी उभी धरून तिला जाड तार गुंडाळत होता. एक टोक टाकीच्या पट्टीला, एक फ्रेमला. टोकं पकडीने पिळून आत दाबली.

मी म्हटलं, कॉक काढ आणि जुना बसव.

"आक्का, तू कधीपासून असल्याक मानूक लागलंस?"

"मानत नाय. ज्याची वस्तू, त्याका दी."

"देवकच जातंय. विठूच्या दारात काढतंय. पण त्या वळणार एकदा तरी न थांबता जातलंय." तारेवरून अंगठा फिरवत म्हणाला, "आता बंद करून दाखव म्हणा."

मी दवाखान्यात होते तेव्हा निरोप आला.

खाडीत जाळं टाकणाऱ्या दोघांनी पाहिलं होतं. दोघांना मी वेगवेगळं विचारलं, दोघांनी एकच सांगितलं. गाडी पूर्ण रेसमध्ये आली. वळणावर वळलीच नाही. दिनू दोन्ही हातांनी हँडल ओढत होता, पण ती राखणदाराच्या बाजूने सरळ पाण्यात गेली. इंजिनाचा आवाज पाण्यात शिरल्यावरही काही वेळ येत होता, असं ते म्हणाले. ते मी सोडून देते. माणसं घाबरली की काहीही ऐकतात.

ओहोटीला गाडी बाहेर ओढली. दिनू आधीच सापडला होता. माझ्याबरोबरची माणसं मला घरी चल म्हणत होती. मी आधी गाडी पाहिली.

तार जशीच्या तशी होती. टोकं दिनूने दाबली तशीच आत वळलेली, कुठे ताण नाही, कुठे ओरखडा नाही. आणि तिच्या आत कॉकची दांडी आडवी होती.

नंतर दोन मेकॅनिकना विचारलं. एक म्हणाला, धक्क्याने फिरली असेल. मग तार शाबूत कशी? दुसरा म्हणाला, आधीपासूनच बंद असेल. मग मालवणपासून तिथवर गाडी कशावर आली?

विठूने कॉक घेतला आणि दुसऱ्याची होडी काढून वळणासमोर गेला. मी बरोबर होते. तिथे तो वल्ही थांबवून बसला, नारळ सोडला, मग कॉक. पांडूची मुलगी त्याच्याकडेच वाढते आहे. तिला लस टोचायला मीच जाते, आणि चालत जाते.

पण देण्याआधी तो कॉक मोकळा करावा लागला, तो मीच केला. तार कापताना पकडीला दोन्ही हातांचा जोर लागला, इतकी ती घट्ट होती. मग मी दांडी हाताने फिरवून पाहिली; नट दिनूने आवळला होता तेवढाच घट्ट. ती हलली नाही.